तसलं काही नाही

फुंकरमामाचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता आणि गाल तिच्या मागच्या अंगाला टेकलेला. डोळे मिटलेले. असल्या कामाला डोळे लागत नाहीत, बोटंच बघतात.

"लागलं का काही हाताला?" मामीनं गोठ्याच्या दारातून विचारलं.

"खूर लागलाय. गार आहे."

सुनेनं एका हातात बॅटरी धरली होती, दुसऱ्या हातानं गाईचं शेपूट. अजून नीट उजाडलं नव्हतं. मामानं दातांवर दात दाबून ओढलं, गाय कण्हली, आणि वासरू एकदम घसरून गवतावर आलं. अंगावर धड केससुद्धा आले नव्हते. महिने भरायच्या आतच बाहेर पडलेलं.

तरी मामानं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, त्याच्या नाकपुडीला तोंड लावलं आणि फुंकर मारली.

ह्या फुंकरीनंच त्याला नाव दिलं होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता त्याचं त्यालाच आठवावं लागे. कुठं गाय अडली, वासरू निपचित पडलं, की माणसं त्याला अर्ध्या जेवणावरून उठवून न्यायची. मेलं म्हणून सोडून दिलेली वासरं त्याच्या फुंकरीनं शिंकली होती, मान वर करून उभी राहिली होती. गुरांचा डॉक्टर एकदा म्हणाला होता, "अहो मामा, तोंड कशाला घालता त्यात?" तर मामा म्हणाला, "माझं तोंड काय सोन्याचं आहे? घरात कोण विचारतंय त्याला?"

आज छाती दुखेपर्यंत फुंकलं. वासराच्या नाकातून नुसता फेस आला. मामा मागं सरून बसला, खांद्याला तोंड पुसलं.

"गाभडली," तो म्हणाला.

बॅटरीचा झोत हलला, भिंतीवर गेला आणि परत जाग्यावर आला.

हा शब्द गुरांचा. गाय गाभडते, म्हैस गाभडते, शेळी गाभडते. बाईचं तसं झालं तर लोक आवाज खाली आणतात. पोट पडलं म्हणतात, नाहीतर नुसतं 'राहिलं नाही' म्हणतात. पण ह्या घरात गेल्या थंडीत, सुनेचं दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा, मामी स्वयंपाकघरात भांडी लावता लावता म्हणाली होती, "पुन्हा गाभडली." मोठ्यानं नाही म्हणाली. पण भिंत पातळ. तेव्हापासून गोठ्यात कुणी तो शब्द काढला की सुनेचा हात क्षणभर थांबायचा. मामाला ते दिसायचं. दिसलं नाही असं दाखवायला तो काहीतरी खाकरायचा.

आत्ताही खाकरला.

सुनेनं बॅटरी खुंटीला अडकवली, घमेलं आणलं, वासरामागून पडलेली गाईची वार दोन्ही हातांनी गोळा केली आणि मागच्या खड्ड्याकडं निघाली. ना नाक मुरडलं, ना तोंड फिरवलं. गेल्या दोन वर्षांत गोठ्यात गाभडलेल्या प्रत्येक गाईची वार तिनंच उचलली होती. असली सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, असं मामा पूर्वी येईल त्याला सांगायचा. हल्ली सांगत नव्हता. कारण येत्या गुरुवारी सुनेचा भाऊ तिला न्यायला येणार होता.

चार दिवस आरामाला, असं म्हणायचं ठरलं होतं. चार दिवसांच्या आरामाला कुणी लोखंडी ट्रंक नेत नाही. मामीनं पोरासाठी आपल्या चुलतभावाच्या मुलीबद्दल बोलणं लावून ठेवलेलं होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पोराला विचारलं तर पोरगा म्हणाला, "आई म्हणते तसं." पेंडीचं भरलेलं पोतं तो हसत पाठीवर टाकायचा. आईपुढं जीभ तेवढी त्याला उचलत नसे.

*

मामाला ताप यायला लागून बरेच दिवस झाले होते. असा ताप त्यानं आयुष्यात बघितला नव्हता. सकाळी माणूस ठणठणीत. ऊन कललं की हाडांत कुणीतरी करवत चालवतंय असं वाटायचं, कंबर धरायची, थंडी भरायची. आणि रात्री असा घाम सुटायचा की अंथरूण पिळून काढावं. घामाला भिजलेल्या गवतासारखा वास.

"संध्याकाळच्या धारा काढायची वेळ झाली की चढतो, सकाळी चहाच्या वेळेला उतरतो," मामी म्हणायची. "इतका शहाणा ताप मी नाही बघितला बाई."

रोज सकाळी दूध न्यायला येणारा शिंपी तर त्याहून वर. गळ्यात टेप, हातात स्वतःचा पेला. घरी न्यायचं दूध किटलीत घ्यायचा, पण पेलाभर निरसं, कासेतून आलेलं गरम, उभ्या उभ्याच प्यायचा. "मामा, एवढी वासरं फुंकलीत, आता कुणीतरी तुमच्या नाकात फुंकायला पाहिजे," असं म्हणून स्वतःच हसायचा. मामाही हसायचा. हसलं की कंबरेत कळ यायची.

एका सकाळी मामा अंगणात उभा होता. मामीनं त्याची घामेजलेली गोधडी वाळत घातलेली. तिच्या शेजारी सुनेची गोधडी. मामाच्या एकदम लक्षात आलं, की सुनेची गोधडी तिथं रोजच असते. आजची नाही, कालची नाही. पार पहिल्यांदा तिचं तसं झालं तेव्हापासून. तो जवळ गेला. इकडं तिकडं बघून त्यानं सुनेच्या गोधडीचं टोक नाकाशी धरलं.

भिजलेल्या गवताचा वास.

त्याच दिवशी तो मामीला म्हणाला, "मला दवाखान्यात ने."

*

डॉक्टरीणबाई वयानं पोरगीच होती. तिनं त्याची पाठ मणका मणका दाबून बघितली. एका मणक्याला मामा ओरडला.

"काम काय करता?"

"गाई आहेत घरच्या. आणि आसपासच्या अडल्या की मला बोलावतात. मेलेलं वासरू मी फुंकरीनं उठवतो."

एवढं ऐकून माणसं खुर्ची पुढं ओढतात, ही त्याची सवय. डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं.

"तोंडानं?"

"नाहीतर काय, पंपानं?"

"आणि दूध कसं पिता?"

"निरसंच. उकळलं की त्यात राहतं काय?"

ती हसली नाही. रक्त काढून घेतलं, पुढच्या आठवड्यात या म्हणाली. बुधवारी पुन्हा गेले तेव्हा तिनं आजाराचं नाव सांगितलं. नाव मामाच्या जिभेवर बसेना. दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा वेगळंच निघालं.

"साधं सांगा बाई."

"गुरांचा ताप म्हणा. फार कमी माणसांना होतो, म्हणून पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. आधी गाईला होतो. गाईचं वासरू महिने भरायच्या आत..."

"गाभडते."

"हो, तेच. मग तिची वार, तिचं पाणी, तिचं कच्चं दूध, ह्यातून माणसाला होतो. तुम्ही तर थेट तोंडच लावता." तिनं गोळ्यांची पाकिटं पुढं ठेवली. "बरेच आठवडे घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. घरात आणखी कोण आहे?"

"मी, ही, पोरगा, सून."

"सून गोठ्यात काम करते?"

"सगळं तीच करते."

"तिला ताप वगैरे? बायकांमध्ये गर्भ पडू शकतो ह्यानं. घरात कुणाचं तसं काही झालंय का?"

"आमच्या घरात तसलं काही नाही," मामी म्हणाली.

बाईंचा प्रश्न पुरता संपलासुद्धा नव्हता. मामानं वळून बघितलं. मामी मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

डॉक्टरीणबाईनं मामाकडं बघितलं. मामानं कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडं बघितलं. मग मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"असलंच, तर पाठवून द्या तिला," बाई म्हणाल्या. "औषधानं बरं होतं. पुढं मूलही राहतं. आणि गाईंचं रक्त तपासायला लागेल. ज्यांना असेल त्या ठेवता येणार नाहीत. तोवर दूध कुणाला देऊ नका."

बाहेर आल्यावर दोघं बसथांब्याच्या बाकावर बसली. बराच वेळ बस आली नाही. दोघांपैकी कुणाला घाई होती असंही नाही.

"गाई नेतील," मामी म्हणाली.

"सूनही नेतच आहेत."

"सून माणूस आहे. तिला भाऊ आहे, घर आहे. गाईंना कोण आहे? आणि आपल्याला गाईंशिवाय कोण आहे?"

"अगं, पण तिचा दोष नव्हता."

"दोष कुणाचाच नसतो." मामी रस्त्याकडं बघत होती. "तरी बोलणी बसायची त्याला बसतातच. बायकांचं होतं असं. बोलण्यानं कुणी मरत नाही."

"तू बोललीस तिला."

"बोलले. मग?"

बस आली. मामी आधी चढली आणि खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली.

रात्री जेवताना सून वाढत होती. मामा म्हणाला, "पोरी, तुला संध्याकाळचा ताप येतो का गं?"

तिचा डाव ताटावर थांबला. "येतो, मामंजी."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा झालं तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं आत्याबाईंना. काम टाळायचं निमित्त आहे म्हणाल्या."

मामीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. जरा जोरात वाजलं ते. पोरगा घास चावत राहिला, जणू तोंडात दगड आहे. मामानं आणखी एकदा तोंड उघडलं. डोळ्यांसमोर सगळ्या गाई उभ्या राहिल्या, एकेकीच्या कपाळावरच्या ठिपक्यासकट. त्यानं त्या तोंडात घास घातला आणि मिटून घेतलं.

*

गुरुवारी सकाळी सुनेचा भाऊ छोटा टेम्पो घेऊन आला. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाला. फाटकाशी दूध न्यायला आलेली माणसं रोजच्यासारखी उभी होती. मामीनं दूध काढून ठेवलंच होतं. मामानं बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

सून कुठं दिसेना म्हणून तो गोठ्यात गेला. ती गाभडलेल्या गाईसाठी पेंड-भुश्याचं आंबोण कालवत होती. पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते बघितलं, आणखी थोडं गरम ओतलं. जायचे कपडे घातले होते, बाह्या वर सारलेल्या.

"निघायचं ना आता?" मामा म्हणाला. दुसरं काही म्हणायला आला होता.

"एवढं देते आणि निघते. मामंजी, हिला गार पाणी दाखवू नका अजून. आणि तिच्यावर ओरडू नका कुणी. गाभडलेल्या गाईवर ओरडलं की ती पान्हा चोरते. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

खरं होतं. जिथं जिथं गाय गाभडली, तिथं तिथं मामा निघताना मालकाला हेच बजावायचा. ऊन आंबोण द्या, अंगावर पोतं टाका, वर आवाज करू नका, बिचारीचा जीव हळवा झालेला असतो. लोकांना वाटायचं, काय कनवाळू माणूस.

सुनेनं हे टोमण्यानं म्हटलं होतं का, हे बघायला त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. ती गाईच्या कानामागं खाजवत होती. टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला झेपला असता.

बाहेर शिंप्याचा आवाज आला. "काय पाहुणे, ट्रंकबिंक? बहिणीला कायमचं नेता की काय?"

"आरामाला चाललीय चार दिवस," मामी म्हणाली. "पोटानं नाजूक आहे जरा."

मामा गोठ्याच्या दारात आला.

"नाजूक नाही," तो म्हणाला. "गाभडली ती."

सुनेचा भाऊ एक पाऊल पुढं आला. "मामा, तोंड सांभाळून."

"सांभाळलंच होतं काल. आता ऐक." मामानं दाराची चौकट धरली होती. "माझ्या गाईंना ताप आहे. त्यानं गाभडतात त्या. तोच ताप मला आहे, तोच हिला आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. गाईंची वार हिनं हातांनी उचलली, आणि मी उचलू दिली. वर शाबासकी दिली. गाई गाभडल्या तशी तीही गाभडली. दोनदा. तिच्या पोटात खोट नाही. खोट माझ्या गोठ्यात आहे."

शिंप्याचा पेला ओठांशी टेकला होता.

"मामा," तो म्हणाला, "हे आत्ता सांगता होय?"

"ठेव तो खाली."

शिंप्यानं पेला फाटकाच्या खांबावर ठेवला. मग जरा वेळ आपल्याच कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, कंबर आजच दुखायला लागल्यासारखा. एकेकानं किटली पालथी केली, झाकण लावलं. कुणी भांडलं नाही. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसते गेले. वाटेनं जाताना आपापसात बोलत होते, ते बोलणं लांबपर्यंत ऐकू येत होतं.

पोरगा ट्रंक डोक्यावर घेऊन फाटकात उभा होता. ना आत, ना बाहेर.

"आत ठेव ती," मामी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"गाडीत ठेवा," सून म्हणाली. पोरग्यानं ती टेम्पोत ठेवली.

ती गोठ्यातून येऊन नळाशी गेली. साबण घेतला. कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. नखांच्या खालचं काढलं. सगळे तिच्या हातांकडं बघत राहिले. मग बाह्या खाली करून ती टेम्पोत भावाशेजारी बसली. मामा जवळ गेला. काय बोलायचं ते सगळं मघाशीच बोलून झालं होतं.

"मामंजी, त्या डॉक्टरीणबाई कधीपर्यंत बसतात?"

"दुपारपर्यंत."

"आधी तिकडं घे," ती भावाला म्हणाली.

टेम्पो निघाला. पोरगा मागून थोडा धावला, थांबला, आईकडं वळून बघितलं. मग पुन्हा धावायला लागला. वळणापुढं काय झालं ते अंगणातून दिसत नव्हतं.

*

मामानं गुरांच्या डॉक्टराला निरोप पाठवला. दुपारनंतर येतो म्हणाला.

पण कास कुणाच्या येण्याची वाट बघत नाही. गडबडीत ठिपकी गाईच्या धारा काढायच्या राहिल्या होत्या. ती हंबरत होती. मामी बादली घेऊन तिच्याखाली बसली. मामानं तिला सकाळचं सगळं दूध खड्ड्यात ओतताना बघितलं होतं. हेही तिकडंच जायचं होतं. तरी तिनं सवयीनं आधी कास धुतली, पुसली.

मामा गाईच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. बादलीत धार वाजू लागली. पोरगा परत आला नव्हता.

"अहो."

"हं."

"त्या बाईंनी विचारलं होतं ना. तसलं काही झालंय का घरात म्हणून."

"मग?"

"ते फार जुनं असलं, तरी सांगायचं असतं का हो?"

"किती जुनं?"

मामीनं थान बदललं. डोकं गाईच्या कुशीला टेकवलेलं, तोंड दिसत नव्हतं.

"तुमच्या आई होत्या तेव्हाचं. आपला पोरगा रांगत होता."

मामाला एक सकाळ आठवली. तो अंथरुणात होता. पातळ भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून, आई म्हणाली होती, "गाभडली." तो ताडकन उठून अनवाणी गोठ्यात धावला होता. एकेक गाय बघितली होती. सगळ्या धड उभ्या, रवंथ करत. परत येऊन तो दारातूनच हसत ओरडला होता, "काय आई तू पण! कुणी नाही गाभडलं. सगळ्या ठीक आहेत."

आणि जाऊन पुन्हा झोपला होता.

बादली भरत आली तसा धारेचा आवाज जाड होत गेला.